वरदा : सीमा की मध्यरेषा?
वर्धा जिल्ह्याच्या प्राचीन व मध्ययुगीन इतिहासातील एक प्रश्न

मुलताईच्या पठारावर उगम पावून दक्षिणेस व आग्नेयेस वाहत जाणारी आणि शेवटी वैनगंगेस मिळून प्राणहिता हे नाव धारण करणारी वर्धा नदी संस्कृत वाङ्मयात ‘वरदा’ या नावाने प्रसिद्ध आहे. वर्धा जिल्ह्याला नाव मिळाले ते या नदीवरून आणि जिल्ह्याची पश्चिमेची व नैर्ऋत्येची सीमाही तिनेच आखून दिली आहे. नदीच्या पलीकडे अमरावती व यवतमाळ हे जिल्हे असून तिकडील मुलखास ‘वऱ्हाड’ म्हणण्याचा व अलीकडील मुलखास त्याहून निराळा मानण्याचा प्रघात लोकव्यवहारात रूढ आहे. त्यामुळे ही सीमा निसर्गानेच घालून दिली असून ती फार पुरातन आहे, अशी समजूत सहज होते. या समजुतीस दोन आधार दाखविले जातात. एक कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातील विदर्भाच्या विभाजनाचा आणि दुसरा इ. स. १८०३ च्या देवगावच्या तहाचा. या दोन आधारांमध्ये जवळजवळ दोन सहस्र वर्षांचे अंतर आहे. त्या दीर्घ कालावधीत ही नदी खरोखर सीमा होती काय, हे उत्खनने, ताम्रपट व मध्ययुगीन महसुली विभागणी यांच्या आधाराने तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(१) नाटकातील साक्ष

‘मालविकाग्निमित्र’ नाटकातील राजकीय कथाभाग थोडक्यात असा आहे. शुंग सेनापती पुष्यमित्र याचा पुत्र अग्निमित्र विदिशेस राज्य करीत असता विदर्भाच्या गादीवर यज्ञसेन हा राजा नुकताच स्थिर होऊ पाहत होता. यज्ञसेनाचा चुलतभाऊ माधवसेन हा अग्निमित्राचा मित्र होता. आपली बहीण अग्निमित्रास देण्याच्या हेतूने तो विदिशेकडे निघाला असताना यज्ञसेनाच्या सीमारक्षकांनी त्याला पकडले. त्याच्या सुटकेची मागणी झाली तेव्हा यज्ञसेनाने आपला मेहुणा असलेल्या मौर्य सचिवाची मुक्तता व्हावी अशी उलट अट घातली. तेव्हा अग्निमित्राने वीरसेनास विदर्भावर पाठविले, विदर्भाचा पराभव झाला आणि ते राज्य दोघा चुलतभावांत विभागून देण्यात आले. या विभागणीची रेषा म्हणून वरदा नदी ठरली.

या साक्षीचा उपयोग करताना तीन गोष्टी ध्यानात ठेविल्या पाहिजेत. पहिली गोष्ट कालाची. पुष्यमित्राचा काल इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध होय. कालिदास मात्र सर्वसाधारण मतानुसार गुप्तकालात, म्हणजे त्यानंतर सुमारे पाच-सहा शतकांनी झाला. नाटककाराने जुनी ऐतिहासिक स्मृती जपली असेल. परंतु नदीचा तपशील त्याच्या स्वतःच्या काळच्या भूगोलज्ञानातून आला असण्याचाही संभव आहे. कालिदासाचा विदर्भाशी निकटचा परिचय होता, असे मानण्यास विद्वानांनी इतर कारणेही दिलेली आहेत.

दुसरी गोष्ट दिशेची. नाटकात वरदेच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन तीरांचा निर्देश आहे. आज आपण वर्धा नदीच्या पूर्वेकडील व पश्चिमेकडील मुलूख अशी भाषा वापरतो. नदीचा ओघ बऱ्याच अंतरापर्यंत आग्नेयेस असल्यामुळे तिच्या तीरांस दोन्ही प्रकारे संबोधणे शक्य आहे, हे खरे. तथापि नाटकातील विभागणी आणि आजची ‘वऱ्हाड व वऱ्हाडाबाहेरील मुलूख’ ही विभागणी एकच आहे असे गृहीत धरून चालणे युक्त नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नाटकातील विभाजनाच्या पूर्वी नदीचे दोन्ही तीर एकाच विदर्भराज्यात होते, असे ही कथाच गृहीत धरते. राज्य अखंड होते म्हणूनच ते विभागता आले. शिवाय ही विभागणी विदर्भातील लोकांनी किंवा राजांनी आपसांत ठरविलेली नाही. बाहेरच्या विजेत्याने आपल्या सोयीसाठी ती केली आहे. दोन दुर्बल मांडलिक एका प्रबळ शेजाऱ्यापेक्षा विजेत्यास नेहमीच अधिक सोयीचे असतात. तेव्हा ही कथा वरदा ही विदर्भाची पुरातन सीमा असल्याचा पुरावा ठरत नाही. वरदा ही विदर्भाच्या मधून वाहणारी नदी होती, असाच तिचा अर्थ लावावा लागतो.

(२) भूमीखालची साक्ष

वाङ्मयीन साधनांपेक्षा प्राचीन असा पुरावा जमिनीत आहे. लोहयुगातील मृतांच्या दफनावर मोठमोठ्या शिळांची वर्तुळे रचण्याची पद्धत विदर्भात विशेष प्रचलित होती. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा, माहूरझरी व नैकुंड येथील उत्खननांमुळे ही संस्कृती चांगली परिचित झाली आहे. लोखंडाची हत्यारे, घोड्याच्या साजाचे तांब्याचे अलंकार आणि काळी-तांबडी मृद्भांडी ही तिची लक्षणे होत. वर्धा जिल्ह्यात खैरवाडा येथे अशाच शिलावर्तुळांचे मोठे क्षेत्र आहे.

ऐतिहासिक कालातील दोन स्थळे या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले कौंडिण्यपूर. विदर्भाची पुराणप्रसिद्ध राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते आणि रुक्मिणीची कथाही याच स्थळाशी जोडलेली आहे. हे गाव वर्धा नदीच्या अगदी काठावर, पश्चिम तीरावर वसलेले असून पलीकडच्या तीरावर वर्धा जिल्ह्याचा आर्वीकडील भाग येतो. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत येथे उत्खनन केले आणि पांढरीखाली प्राचीन वसाहतीचे अनेक थर दडलेले आहेत, हे सिद्ध केले. परंपरेतील राजधानीविषयी कोणाचे काहीही मत असो. परंतु ज्या समाजाने आपल्या देशाचे मुख्य नगर या नदीच्या काठी कल्पिले, त्याच्या मनात ही नदी देशाची कड म्हणून नसून देशाच्या मध्यभागी होती, एवढा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

दुसरे स्थळ पवनार. वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर, धाम नदीच्या तीरावर हे गाव आहे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या, बौद्ध स्तूपांसाठी प्रसिद्ध असलेल्या पवनीशी नामसादृश्यामुळे विद्यार्थ्यांकडून त्याची गल्लत होते. ती टाळली पाहिजे. पवनार येथे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये उत्खनन केले. त्यात सातवाहनपूर्व कालापासून सातवाहन, वाकाटक-विष्णुकुंडी आणि पुढे मध्ययुग अशा वसाहतीच्या अवस्था उघडकीस आल्या. येथे मिळालेली विष्णुकुंडी राजांची नाणी विशेष लक्षणीय आहेत. आंध्रातील या राजघराण्याचा वाकाटकांशी विवाहसंबंध होता आणि विष्णुकुंडी विक्रमेंद्रवर्म्याच्या ताम्रपटात दोन्ही कुलांचा अभिमानाने उल्लेख केलेला आहे. पवनारची ही नाणी वर्धा-प्राणहिता-गोदावरी या जलमार्गाच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे बोट दाखवितात. नदीचे खोरे हा येथे दळणवळणाचा मार्ग म्हणून दिसतो.

(३) ताम्रपटांची साक्ष

वाकाटकांच्या दानपत्रांनी या प्रदेशाच्या इतिहासावर जेवढा प्रकाश पाडला आहे, तेवढा अन्य कोणत्याही साधनाने पाडलेला नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा मराठी ग्रंथ १९५७ मध्ये आणि या घराण्याच्या सर्व लेखांचा इंग्रजी संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध करून त्या अभ्यासाचा पाया घातला. दानपत्रातील गावांचा आजच्या गावांशी मेळ घालण्याचे त्यांचे काम वर्धा जिल्ह्याच्या अभ्यासकास विशेष उपकारक आहे.

वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पत्नी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. पतीच्या निधनानंतर युवराज दिवाकरसेनाच्या वतीने ती राज्यकारभार पाहत असता, तेराव्या वर्षी, नंदिवर्धनाहून तिने एक दानपत्र दिले. कार्तिक शुद्ध द्वादशीस आचार्य चनालस्वामी यास दंगुण हे गाव दिल्याचा त्यात उल्लेख असून हे गाव ‘सुप्रतिष्ठ’ नावाच्या आहारात, म्हणजे प्रशासकीय विभागात होते. दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट, असे मानले जाते. हा ताम्रपट पुण्यास उपलब्ध झाल्यामुळे ‘पुणे ताम्रपट’ या नावाने ओळखला जातो. त्यातील भूगोल मात्र वर्धा जिल्ह्याचा आहे.

याच सुप्रतिष्ठ आहाराचा उल्लेख हिंगणघाटनजीक जांब येथे सापडलेल्या ताम्रपटात येतो. दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या दुसऱ्या वर्षी दिलेल्या या दानपत्रात कोथुरक या गावाच्या चतुःसीमा सांगताना उमा नदी, चिंचापल्ली, बोंथिकवाटक आणि मंडुकिग्राम अशी नावे दिली आहेत. उमा म्हणजे वुण्णा किंवा वेणा नदी, चिंचापल्ली म्हणजे चिंचोली आणि मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव, असा मिराशींनी मेळ घातला. पाचव्या शतकातील एका गावाची शीव आजच्या गावांच्या नावांवरून जागेवर जाऊन पाहता यावी, असे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्यास आले असेल.

जिल्ह्याच्या उत्तर भागात बेलोरा येथे प्रवरसेनाच्या अकराव्या वर्षाचे ताम्रपट मिळाले आहेत. त्यात पक्कण राष्ट्रातील असी भुक्तीचा उल्लेख आहे. असी म्हणजे आजची आष्टी असावी, अशी सूचना करण्यात आली आहे. अशा रीतीने दक्षिणेस हिंगणघाट व उत्तरेस आष्टी या दोन्ही टोकांस हा जिल्हा वाकाटकांच्या प्रत्यक्ष शासनाखाली होता, हे निश्चित होते.

आता नदीच्या पलीकडे जाऊ. प्रवरसेनाच्या अठराव्या वर्षाचा, प्रवरपुराहून दिलेला प्रसिद्ध ताम्रपट अमरावती जिल्ह्यात अचलपूरनजीक चम्मक येथे १८६८ मध्ये सापडला. भोजकट राज्यातील, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक हे गाव, राजमानाने आठ सहस्र भूमिपरिमाणाचे, एक सहस्र ब्राह्मणांस दिल्याचे त्यात नमूद आहे. चर्मांक म्हणजेच चम्मक. भोजकट राज्य म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेकडील सुपीक मुलूख. या दानपत्रातील अटी वाचण्यासारख्या आहेत. ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार व ब्रह्महत्या करू नये, इतर गावांवर चालून जाऊ नये. या अटी पाळल्या जातील तोपर्यंतच दान टिकेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नदीपलीकडील हजार दानग्राहकांवर अशा अटी घालणारा राजा त्या मुलखावर नाममात्र सत्ता चालवीत होता, असे म्हणता येणार नाही. त्याचा अंमल दोन्ही तीरांवर सारखाच प्रभावी होता.

याच राजाच्या सत्ताविसाव्या वर्षाचा ताम्रपट बैतूल जिल्ह्यातील पट्टण येथे मिळाला. त्यात ‘वरदाखेट’ नावाच्या मार्गाचा, म्हणजे एका प्रशासकीय विभागाचा उल्लेख येतो. अमरावती जिल्ह्यातील वरूड हे वरदाखेटाचे आजचे रूप होय, असे मिराशींचे मत आहे. नदीचे नाव धारण करणारा विभाग नदीच्या पश्चिमेस असावा, ही गोष्ट आपल्या प्रश्नास अनुलक्षून बोलकी आहे.

वाकाटकांच्या दोन शाखा होत्या. नंदिवर्धन-प्रवरपूर येथील ज्येष्ठ शाखा आणि वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथील कनिष्ठ शाखा. दोन शाखांच्या राज्यांमध्ये वर्धा नदी ही सीमा असती, तर वर उल्लेखिलेली सर्व कल्पना मान्य करता आली असती. परंतु अचलपूरकडील भोजकट हे ज्येष्ठ शाखेच्या ताब्यात होते. दोन शाखांची सीमा त्यामुळे वर्धा नदीच्या बऱ्याच पश्चिमेस, वाशीमच्या दिशेस शोधावी लागते. ज्या काळाविषयी आपल्याजवळ सर्वांत अधिक लेखी पुरावा आहे, त्या काळी वरदा ही ज्येष्ठ शाखेच्या राज्याच्या आतून वाहणारी नदी होती.

(४) प्रवरपुराचा वाद

येथे प्रवरपुराच्या स्थाननिश्चितीचा विचार करणे अवश्य आहे. दुसऱ्या प्रवरसेनाने प्रारंभी नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकनजीकच्या नगरधनहून, राज्य केले व पुढे प्रवरपूर ही नवी राजधानी वसविली. प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत मिराशींनी मांडले. नामसादृश्य, तेथील प्राचीन अवशेष आणि विनोबाजींच्या परंधाम आश्रमाच्या परिसरात खोदताना निघालेली शिल्पे हे त्यांचे मुख्य आधार होते. या शिल्पांत त्यांनी रामकथेतील प्रसंग ओळखले आणि ती प्रवरसेनाने आपल्या मातेसाठी बांधविलेल्या राममंदिरातील असावीत, असे अनुमान केले. पुढील काही अभ्यासकांनी त्याच शिल्पांत कृष्णकथा पाहिली आहे.

हे मत बराच काळ सर्वमान्य होते. १९९७ नंतर रामटेकजवळील मनसर येथे ज. प. जोशी व अ. कु. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात भव्य मंदिरसंकुलाचे अवशेष आणि प्रवरेश्वर हे नाव दर्शविणाऱ्या मुद्रा मिळाल्या. पांढुर्णा येथे सापडलेला प्रवरसेनाचा ताम्रपट प्रवरेश्वराच्या देवालयाच्या स्थानाहून दिलेला आहे, हे पूर्वीपासून ज्ञात होते. या दोन गोष्टींची सांगड घालून हान्स बाक्कर प्रभृती संशोधकांनी प्रवरेश्वराचे मंदिर व प्रवरपूर मनसर येथे होते, असे प्रतिपादन केले आणि आज बहुतेक अभ्यासकांचा कल त्याच बाजूस आहे.

यामुळे वर्धा जिल्ह्याचे मोठे नुकसान झाले, अशी भावना काही इतिहासप्रेमी व्यक्त करतात. ती अनाठायी आहे. राजधानीचा मान गेल्याने पवनारच्या उत्खननातील एकही थर नाहीसा होत नाही. तेथील शिल्पे पाचव्या शतकातील उत्कृष्ट कलाकृती म्हणून कायम राहतात. आणि सुप्रतिष्ठ आहार, कोथुरक, दंगुण, असी भुक्ती यांच्या स्थाननिश्चितीस धक्का लागत नाही. स्थानिक इतिहासाचे मोल राजधानीच्या मानावर अवलंबून ठेवण्याची सवय सोडली, तर दानपत्रांतून दिसणारी गावे, नद्या, शिवा आणि अटी हाच अधिक समृद्ध इतिहास आहे, हे ध्यानात येईल. प्रस्तुत प्रश्नापुरते पाहिले, तर राजधानी धामच्या काठी मानली काय किंवा रामटेकच्या पायथ्याशी मानली काय, तेथून निघालेली आज्ञा वरदा ओलांडून चर्मांकापर्यंत पोचत होती, ही गोष्ट अबाधित राहते.

(५) राष्ट्रकूट व यादव

वाकाटकांनंतरच्या काळातही चित्र फारसे बदलत नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ (इ. स. ७७२) चा ताम्रपट चंद्रपूर जिल्ह्यातील भांदक येथे, म्हणजे वर्धा नदीच्या पूर्वेस सापडला, त्यातील उदुंबरमंती हे स्थळ मात्र यवतमाळ जिल्ह्यातील राणी अमरावती होय, असे मानले जाते. ताम्रपटाचे प्राप्तिस्थान एका तीरावर आणि दानाचे स्थळ दुसऱ्या तीरावर, अशी ही स्थिती आहे.

वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेला तिसऱ्या कृष्णाचा ताम्रपट शके ८६२ (इ. स. ९४०) चा आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी तो संपादित केला. आपला भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यवृद्धीसाठी राजाने हे दान दिले. दान दिलेले गाव नागपूर-नंदिवर्धन विभागातील असून त्याच्या चतुःसीमेत कन्हान नदी ओळखता येते. नागपूर या नावाचा हा सर्वांत जुना उल्लेख म्हणून हा लेख प्रसिद्ध आहे. ताम्रपट देवळीस मिळाला म्हणून त्यातील गाव देवळीभोवती शोधणे किंवा त्यावरून देवळीचा इतिहास रचणे चूक ठरेल. पुणे ताम्रपट आणि देवळी ताम्रपट ही दोन उदाहरणे नवागत संशोधकाने नेहमी शेजारी शेजारी ठेवावीत. एकातील गाव वर्ध्याचे आणि पत्रे पुण्यास. दुसऱ्याची पत्रे वर्ध्यास आणि गाव नागपूरकडचे. ताम्रपट हा घराण्याचा दस्तऐवज असल्यामुळे घराण्याबरोबर प्रवास करतो. गाव जागचे हलत नाही.

यादवांच्या काळी रामटेकपासून अचलपूरपर्यंतचा सर्व प्रदेश देवगिरीच्या सत्तेखाली होता. याच काळात नदीच्या पश्चिमेस ऋद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र बनले आणि मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेथे सिद्ध झाला. नदीच्या दोन्ही तीरांवर तोपर्यंत एकच भाषा नांदत होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

(६) पवनार सरकार

इ. स. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यावर वऱ्हाड हा त्याच्या चार मुख्य तरफांपैकी एक झाला. पुढे १४९० मध्ये इमादशाही स्वतंत्र झाली, १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली आणि १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांस तोडून दिले. मोगल व्यवस्थेत वऱ्हाड हा स्वतंत्र सुभा होता व ‘आईन-इ-अकबरी’त त्याच्या सरकारांची यादी दिलेली आहे.

या यादीत गाविलगड, नर्नाळा, माहूर, कळंब या सरकारांच्या जोडीने ‘पवनार’ हेही एक सरकार आहे आणि त्यात पाच महाल होते. वर्धा नदीच्या पूर्वेस असलेले पवनार हे मोगल सरकारचे मुख्य ठाणे वऱ्हाड सुभ्यात मोडत होते, ही नोंद लहान असली तरी निर्णायक आहे. आजच्या समजुतीप्रमाणे वऱ्हाड नदीच्या पश्चिम तीरावर संपते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मात्र दप्तरातले वऱ्हाड नदी ओलांडून धामच्या काठापर्यंत येत होते. आष्टी येथील मकबरे याच व्यवस्थेची आठवण देतात. जहांगीराच्या पदरी असलेल्या महंमद खान नियाझी या अफगाण सरदाराकडे हा भाग होता व त्याचे दफनही तेथेच झाले.

सीमा हळूहळू आकार घेऊ लागली ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. देवगडच्या गोंड राजांची सत्ता नागपूरच्या मैदानात पसरली. बख्त बुलंद राजाने नागपूर वसविले. त्यामुळे नदीच्या पूर्वेकडे मोगल सुभेदारीचा प्रभाव उतरणीस लागला. अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या हाती घेतल्यावर एक नवा भेद उत्पन्न झाला. पूर्वेकडे भोसल्यांची पूर्ण सत्ता, तर पश्चिमेकडील वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल. तथापि येथेही नदी ही सत्तेची मर्यादा नव्हती. भोसल्यांचे अंमलदार दोन्ही तीरांवर वसूल करीत होते. भेद होता तो हक्काच्या स्वरूपात.

(७) तहातील रेषा

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगाव येथे तह झाला. त्या तहान्वये वर्धा नदीच्या पश्चिमेकडील आपला मुलूख भोसल्यांनी सोडून दिला व तो निजामाकडे गेला. नर्नाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांखालील मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. १८२२ च्या तहाने वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा म्हणून कायम करण्यात आली आणि नदीपूर्वेकडील मुलखाच्या बदल्यात मेळघाट व त्यालगतचे भाग निजामास मिळाले. अदलाबदल करावी लागली, याचा अर्थच असा की १८२२ पर्यंत दोन्ही बाजूंचे मुलूख नदीच्या दोन्ही तीरांवर मिसळलेले होते. रेषा सरळ करण्यासाठी मुलूख हलवावे लागले.

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला, तेव्हा ही रेषा त्याची पश्चिम सीमा म्हणून आयतीच मिळाली. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि १९६० पासून दोन्ही तीर महाराष्ट्रात आहेत. तरीही रेषा पुसली गेली नाही. नागपूर व अमरावती हे महसुली विभाग याच नदीने वेगळे केले आहेत आणि १९८३ मध्ये अमरावती येथे विद्यापीठ स्थापन झाल्यापासून दोन विद्यापीठांची कार्यक्षेत्रेही येथेच विभागली गेली आहेत.

(८) निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. वर्धा नदी विदर्भाची सीमा म्हणून ज्या दोन प्रसंगी ठळकपणे पुढे येते, त्या दोन्ही प्रसंगी बाहेरच्या विजेत्याने युद्धानंतर अखंड मुलखाची वाटणी केलेली आहे. एका प्रसंगी विदिशेच्या अग्निमित्राने, दुसऱ्या प्रसंगी कंपनी सरकारने. मधल्या काळातील वाकाटकांचे ताम्रपट, राष्ट्रकूटांची दाने आणि मोगलांची सरकारे यांपैकी एकही साधन या नदीस सीमा मानीत नाही. खोऱ्यातील लोकांनी आपली गावे, तीर्थे व राजधान्या या नदीच्या दोन्ही काठांवर वसविल्या. तिची सीमा केली ती वाटणी करणाऱ्यांनी.

या निष्कर्षाचा आजच्या संशोधनाशी प्रत्यक्ष संबंध आहे. पदव्युत्तर प्रबंधांचे विषय जिल्हावार निवडले जातात. पाहणीची पथके जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतात. त्यामुळे कौंडिण्यपूर एका अभ्यासात येते आणि त्यासमोरील आर्वीचा काठ दुसऱ्या अभ्यासात येतो किंवा कोठेच येत नाही. सुप्रतिष्ठ आहार आणि भोजकट राज्य यांचा तौलनिक विचार करावयाचा तर दोन विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील स्वतंत्र कपाटे धुंडाळावी लागतात. १८२२ च्या तहाने आखलेली रेषा आपण अशा रीतीने पाचव्या शतकावर लादत असतो.

यात कालहरण करणे परवडणारे नाही. सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा आणि आर्वीकडील निम्न वर्धा या धरणांच्या जलाशयांनी नदीकाठचा बराच भाग आता पाण्याखाली घेतला आहे. प्राचीन वसाहती बहुधा नदीकाठीच असतात, हे पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. उरलेल्या काठाची पाहणी उगमापासून संगमापर्यंत, दोन्ही तीरांवर एकाच वेळी, जुने उतार व घाट यांची नोंद करीत आणि ताम्रपटांतील गावांची यादी हाती घेऊन झाली पाहिजे. नदीचे खोरे हा एकच घटक मानून हे काम दोन्ही विद्यापीठांच्या इतिहास व पुरातत्त्व विभागांनी संयुक्तपणे हाती घेतले, तर वरदेच्या दोन तीरांचा एक इतिहास लिहिण्याची सामग्री सिद्ध होईल.